फुकटची खोली

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं सांगून गेलेल्या शहाण्याला शिकताना भाड्याची खोली शोधावी लागली नसावी. नाहीतर त्याने त्या दोन्हींच्या आधी हिचा नंबर लावला असता. आपल्या गोष्टीतल्या मुलीने अडीच वर्षांत चार खोल्या केल्या आणि चारही सोडल्या. पहिलीत सहा कॉट आणि एक पंखा. दुसरीच्या मालकाने, भिंतीत खिळा ठोकलास म्हणून, सगळं डिपॉझिट गिळलं. तिसरीचं भाडं नेमकं परीक्षेच्या महिन्यात वाढलं आणि चौथी मालकाच्या पुतण्याचं लग्न ठरलं म्हणून आठवड्यात रिकामी करावी लागली. दर वेळी दोन बॅगा, गादीची वळकटी आणि बादली घेऊन ही नव्या पत्त्यावर हजर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तेव्हा वर्गातल्यांनी तिचं नावच बिऱ्हाड ठेवलं. तीही त्या नावाला ओ देऊ लागली.

चौथी खोली गेली तेव्हा वडिलांनी फोनवर सरळ सांगितलं, की आता आणखी एक डिपॉझिट माझ्याच्याने होणार नाही. ते शाळेची बस चालवायचे, आई गणवेश शिवायची, आणि दोघांनी मिळून जे काही शिल्लक टाकलं होतं ते चार मालकांच्या खिशात जाऊन बसलं होतं. खोली मिळत नसेल तर घरी ये, वर्ष पुढच्या वर्षी कर, असं वडील म्हणाले. घर आठ तासांच्या अंतरावर. एकदा परत गेलेली मुलगी पुढच्या वर्षी निघते की नाही हे तिला चुलतबहिणीकडे बघून ठाऊक होतं. औषधशास्त्राचं शेवटचं वर्ष होतं आणि तिला ते सोडायचं नव्हतं.

आणि मग आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. पाचवी खोली मिळाली ती चक्क फुकट.

फुकट म्हणजे अट होती. घर इस्पितळातून निवृत्त झालेल्या एका मेट्रनबाईंचं. वय एक्याऐंशी, गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत. मुलगा दूरच्या शहरात. त्याला आईजवळ रात्री कुणीतरी माणूस हवं होतं आणि पगारी बाई आईला चालत नव्हती. त्याने एका कागदावर तीन कलमं लिहिली होती. मुलीने रोज रात्री घरीच झोपायचं. रोज सकाळी आईची खुशाली कळवायची. आणि आई या घरात राहतात तोपर्यंतच खोली तिची. बाईंनी चौथं कलम तोंडी घातलं, की मी हाक मारल्याशिवाय माझ्या खोलीचं दार उघडायचं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची उघडी अंगं पाहिली, आपलं कुणी पाहिलेलं खपणार नाही, असं त्या म्हणाल्या.

बिऱ्हाडने कागदावर सही केली आणि त्या रात्री ती अडीच वर्षांत पहिल्यांदा स्वस्थ झोपली. खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा, दाराला आतून कडी. यापेक्षा माणसाला आणखी काय लागतं?

खुशालीचं काम पहिले पंधरा दिवस तिने इमानाने केलं. बाई साडेसातला उठून रेडिओ लावायच्या, स्वयंपाकघरात भांडी आपटायच्या, चहा पातळ झाला म्हणून स्वतःलाच बोल लावायच्या. ते ऐकून ती मुलाला लिहायची, ‘आई ठीक आहेत.’ मुलगा अंगठा पाठवायचा. पण सातचा गजर झाला की फोन हातात असतोच. मग कधीतरी मेसेज अंथरुणातूनच गेला. दुसऱ्या दिवशीही गेला. पुढे तर डोळे नीट उघडायच्या आत बोटं ते तीन शब्द पाठवून मोकळी व्हायची, आणि अर्ध्या तासाने रेडिओ लागून ते शब्द खरे करून टाकायचा. पाच महिने असंच चाललं.

त्या दिवशी सात वाजता मेसेज गेला. अंगठा आला. ती उठली, आंघोळ केली, वह्या भरल्या. शेवटची परीक्षा एकोणीस दिवसांवर होती आणि सव्वाआठचं प्रॅक्टिकल चुकवून चालणार नव्हतं. दप्तर खांद्याला लावताना तिच्या ध्यानात आलं, की घरात आवाज नाही.

सात चाळीस झाले होते. रेडिओ नाही, भांडं नाही. ती बाईंच्या दारापाशी गेली आणि उभी राहिली. दार लोटलेलं होतं. आतून कडी कधीच नसायची, तेवढं एक मुलाने आईकडून कबूल करून घेतलं होतं. नुसतं ढकलायचा अवकाश.

तिने ढकललं नाही.

का नाही ढकललं, ते सांगायला मलाही बरं वाटत नाही, पण सांगितलंच पाहिजे. त्या पोरीच्या मनात पहिल्यांदा बाई आल्याच नाहीत. पहिल्यांदा आलं तिसरं कलम. आई या घरात राहतात तोपर्यंत. दार उघडलं आणि आत जे असेल ते दिसलं, की खोली गेली. एकोणीस दिवस उरलेत आणि खोली गेली. दोन बॅगा, वळकटी, बादली. मग पाठोपाठ दुसरं आलं. सातचा मेसेज. आई ठीक आहेत, असं तिने लिहून दिलेलं होतं, वेळेसकट. बाई रात्रीच गेल्या असतील तर? डॉक्टर वेळ सांगतात. मुलगा फोन पुढे धरेल आणि विचारेल, मग हे काय?

तिने फोन काढून मेसेज पुसता येतो का पाहिलं. पुसून काय उपयोग, अंगठा तर येऊन बसला होता. हाक मारावी तर उत्तर आलं नाही म्हणजे काय, ते कळणार. न मारावी तर निदान अजून काही कळलेलं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ती दाराला कान लावायलाही धजेना.

मग तिला ती भयंकर युक्ती सुचली. आपण रोजच्यासारखं निघून जावं. बाई उशिरा उठल्या असतील असं वाटलं, म्हणावं. संध्याकाळी आल्यावर दार उघडावं. एक अख्खा दिवस मिळेल, त्यात कुणाच्या तरी खोलीत एक कॉट शोधता येईल. ती बाहेरच्या दाराशी गेली, बूट घातले, नाड्या बांधल्या. एका बुटाची नाडी तीनदा बांधावी लागली. कडीला हात घातला.

तिथून ती मागे फिरली. तिच्या अंगातला चांगुलपणा जागा झाला असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण तिला आठवल्या समोरच्या घरातल्या शिक्षिका, ज्या रोज याच वेळी जिन्यात भेटायच्या आणि बाई कशा आहेत म्हणून विचारायच्या. त्यांना पुन्हा एकदा ‘ठीक’ म्हणावं लागलं असतं, आणि या वेळी तोंडावर. ते आपल्याला जमणार नाही, आपलं तोंडच सांगून टाकेल, या भीतीने तिला परत आणलं. एका भीतीने दुसरीवर मात केली, एवढंच. ती बूट घालूनच पुन्हा बाईंच्या दारापुढे आली, आणखी थोडा वेळ उभी राहिली, आणि मग डोळे मिटून तिने दार ढकललं.

मेट्रनबाई पलंगाच्या आणि दाराच्या मधे जमिनीवर, एका कुशीवर पडल्या होत्या. उजवा हात अंगाखाली, कपाळावर सुकलेलं रक्त. डोळे उघडे होते आणि ते तिच्याकडेच बघत होते.

“आधी उशी दे,” बाई म्हणाल्या. “आणि रडू नकोस, वेळ जातो.”

पुढचं सगळं बाईंनीच पडल्या पडल्या करवून घेतलं. हात कसा धरायचा, खाली पुठ्ठा कुठला लावायचा, रुग्णवाहिकेला पत्ता कसा सांगायचा. बिऱ्हाड सांगितलं तसं करत होती. बाई जिवंत आहेत याचा आनंद तिला झाला, खरंच झाला. पण रुग्णवाहिकेत बसेपर्यंत तो आनंद ओसरून पुन्हा जुनी भीती वर आली.

दुपारपर्यंत मनगटाला प्लॅस्टर झालं, कपाळाला तीन टाके पडले. कंबर वाचली होती. डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घ्यायचं ठरवलं आणि जवळचं माणूस कोण म्हणून विचारलं, तेव्हा बाई चटकन म्हणाल्या, की हीच. डॉक्टर गेल्यावर त्यांनी तिला कॉटजवळ स्टुलावर बसवलं.

“सात चाळीसला आलीस,” बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “आठ वाजून दोन मिनिटांनी दार उघडलंस. मधे एकदा गेलीस आणि बूट घालून आलीस. समोर भिंतीवर घड्याळ आहे आणि दाराखाली बोटभर फट आहे. मला तुझे पाय दिसत होते.”

बिऱ्हाडची पाचावर धारण बसली. चाळीस वर्षं या बाईंनी कोणाला कुठलं औषध किती वाजता दिलं ते मिनिटासकट लिहिलं होतं, आणि एकदाही खोटी वेळ लिहिली नाही म्हणून त्या अजून मिरवायच्या. त्यांच्यापुढे सबब सांगण्यात अर्थ नव्हता. तिने सबब सांगितली नाही. सातचा मेसेज, तिसरं कलम, कडीला घातलेला हात, सगळं मान खाली घालून सांगितलं. चुकले, असंही म्हणाली, पण ते ओठांतल्या ओठांत.

बाईंनी प्लॅस्टरचा हात छातीवर सरळ केला.

“बावीस मिनिटं,” त्या म्हणाल्या. “मला हाक मारता येत होती, मुली. तोंडाला काही झालेलं नव्हतं. मीही मारली नाही.”

तिने मान वर केली.

बाईंनी सांगितलं ते असं. दोन महिन्यांपूर्वी, ही कॉलेजात असताना, त्या स्वयंपाकघरात पडल्या होत्या आणि ते मुलाला कुणाकडून तरी कळलं होतं. तेव्हा त्याने बजावलं होतं, की पुन्हा पडलीस तर घराला कुलूप, आणि तू माझ्या गावच्या वृद्धाश्रमात. तिथे एका खोलीत चार म्हाताऱ्या असतात. आज सहाला पडल्यापासून त्या उठायचा प्रयत्न करत होत्या. दाराखाली पाय दिसले तेव्हा त्यांनी श्वाससुद्धा दाबून धरला. ही पोर कॉलेजला निघून जावी, मग आपण पलंगाचा पाय धरून कसंही उठू, एवढंच त्यांना हवं होतं.

“तू बूट घालून गेलीस तेव्हा बरं वाटलं मला,” बाई म्हणाल्या. “परत आलीस तेव्हा भीती वाटली.”

मग त्यांनी डावा हात तिच्या मनगटावर ठेवला. तो गार होता. मुलाला काही कळवायचं नाही, दोन दिवसांचा प्रश्न आहे, तू रोज सातला लिहितेस तसं लिहीत जा, असं त्या म्हणाल्या. व्हिडिओ कॉल आला तर प्लॅस्टर पदराखाली आणि टाके केसांखाली झाकता येतील. तुझी परीक्षा होईल, माझं घर राहील. बोलताना त्या तिच्याकडे नुसत्या बघत नव्हत्या, विनवत होत्या, आणि मेट्रनबाईंना विनवताना पाहून त्या मुलीला सकाळपेक्षाही जास्त भीती वाटली.

हो म्हणणं इतकं सोपं होतं. खोली तिच्या पदरात पुन्हा येऊन पडली होती, फुकटात. पण तिला दिसली ती उद्याची सकाळ, आणि परवाची. एक बाई जमिनीवर पडून गप्प, एक मुलगी दाराबाहेर उभी राहून गप्प, आणि दोघींनाही एकच गोष्ट हवी. पुढच्या वेळी दार कोण उघडणार होतं?

तिने फोन काढला. बाईंना कळलं. नको, असं त्या एकदाच म्हणाल्या आणि तिच्या मनगटावरचा हात त्यांनी काढून घेतला.

मुलाने लगेच उचलला. तिने सांगितलं, की आई पडल्यात, हात मोडलाय, इस्पितळात आहोत, आणि काका, सकाळी मी लिहिलं ते न बघता लिहिलं होतं. त्याने आधी इस्पितळाचं नाव विचारून घेतलं. मग म्हणाला, संध्याकाळच्या गाडीने निघतो. आईला घेऊनच जाईन आता, रविवारपर्यंत तू तुझं कुठेतरी बघ. तो रागावला नव्हता, आणि त्यामुळे तिला रडू आवरेना. तो पुढे म्हणाला, “एक सांग. तू दारापाशी आल्यावर किती वेळात उघडलंस?”

तिने तोंड उघडलं. खरंच सांगणार होती.

“ताबडतोब,” कॉटवरून बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा भिंतीकडे होता, पण आवाज वॉर्डभर ऐकू जाईल असा होता. “त्याला सांग, आली आणि ताबडतोब उघडलं.”

मुलाने ते ऐकलं.

“तू होतीस म्हणून बरं झालं,” तो म्हणाला. “नाहीतर आईचं काय झालं असतं कुणास ठाऊक.”

तिची नजर बाईंच्या पाठीकडे गेली. फोन कानाला तसाच धरून ती स्टुलावर बसून राहिली.