परातीच्या घुमण्यातला आवाज

“घुमणं विरेपर्यंत कोणी बोलायचं नाही.”

सुभाषरावांचे हे शब्द अजून माझ्या काठात आहेत. मित्रांनो, मी एक जुनी पितळी परात आहे. तांबटाने मला ठोकून घडवलं, तेव्हाच माझ्यात एक लांबलचक घुमणं राहिलं. जयमालाबाई माझ्यात कणीक मळत, व्रताचा चुरमा करत.

त्यांचे यजमान सुभाषराव सिनेमासाठी आवाज टिपत. एका विनोदी चित्रपटाला भांडं पडल्याचा आवाज हवा होता. त्यांनी गिरगावच्या घरातच मायक्रोफोन लावला आणि मला घेऊन स्टुलावर चढले. स्टूल घसरलं, आम्ही दोघंही खाली आलो. जयमालाबाईंच्या सोळा सोमवारांतला तो शेवटचा सोमवार, दिवसभर मौन. तरी त्या देवापुढून धावल्या.

“अहो, लागलं का?”

आवाज असा उतरला, की पुढे कितीतरी चित्रपटांत कोणी घसरलं की मीच वाजले. माझ्या घुमण्याखाली बाईंचे ते शब्दही टेपवर उतरले होते. हशात ते कोणाला ऐकू येत नसत. व्रत मात्र मोडलं, उद्यापन राहिलं. बाईंच्या शेवटच्या आजारात सुभाषराव म्हणाले, “तुझं मौन मी पुरं करीन.”

त्या गेल्यावर आम्ही नवीन पनवेलला आलो. घरोघरी केबल आली. दुपारी शेजारच्या टीव्हीत कोणी पडे, आणि फळीवर मी आपोआप थरथरे. मग हळूच, “अहो, लागलं का?”

“नाही गं, बरा आहे,” सुभाषराव म्हणत.

“बाबा, टीव्हीशी काय गप्पा मारताय?” लेक उज्वला हसे.

एकदा सबंध सोसायटीची वीज गेली होती. तरी मी थरथरले. तरी ते शब्द आले. उज्वलाच्या हातातलं लाटणं थांबलं.

ते खाली ठेवून ती म्हणाली, “तुम्ही उत्तर देता ना, म्हणून आई विचारत राहते. तिला आता गप्प बसू द्या की.”

“मग मला कोण विचारणार गं?”

उज्वलाने लाटणं पुन्हा उचललं.

मित्रांनो, कोणी पडलं की हसू येतंच. पण आधी त्याची विचारपूस करा. आणि आमच्यासारखं जुनं भांडं मोडीत घालण्याआधी एकदा कान लावा. आत कोणाचं काय अडकलं असेल, कोण जाणे.

पुढच्या सोमवारी सुभाषरावांनी मला चिंचेने घासलं, उद्यापनाचा चुरमा भरला. सकाळपासून तोंडातून शब्द नाही. जिना उतरताना कुठल्याशा दारामागच्या टीव्हीत कोणी घसरलं. माझा काठ थरथरला. त्यांचे ओठ उघडले, मिटले. मला छातीशी धरून ते खांदेश्वराच्या देवळाकडे चालू लागले.