एक फटका कमी

हिरामण ठाकूरनं उभ्या आयुष्यात गोल्फचा बॉल दीडशे यार्डांच्या पुढे मारला नाही, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही. भिसे खिंड उतरून रोह्याकडे जाताना टेकडीखाली क्लबचं नऊ होलचं मैदान लागतं, तिथे तो बावीस वर्षं कॅडी होता. साहेबाची पिशवी वाहायची, बॉल कुठे पडला ते ध्यानात ठेवायचं, आणि साहेबानं तो झुडपात घातला की "वाऱ्यानं घात केला, साहेब" असं म्हणायचं. वारा नसला तरी म्हणायचं.

सोमवारी मैदान सभासदांना बंद असे, तेव्हा कॅडींना खेळायची मुभा होती. हिरामण तीनच स्टिका घेऊन खेळायचा. तिन्ही साहेबलोकांनी टाकून दिलेल्या, एकीला तर मुठीपाशी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. आखूड मारायचा, सरळ मारायचा, आणि बॉलच्या मागोमाग निवांत चालायचा. कुणी चिडवलं, "हिरामण, जोर लाव की जरा," तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं.

"दिसतो तिथवर मारायचा. दिसत नाय तिथं कशाला धाडायचा? गेलेला बॉल काय पत्र लिवतो घरी?"

उलट निकेश, तोही कॅडीच. सव्वीस वर्षांचा, पेणच्या जिममध्ये दंड कमावलेला. त्यानं स्टिक फिरवली की आधी आवाज यायचा आणि मग बॉल सागांच्या शेंड्यांवरून नाहीसा व्हायचा. व्हरांड्यात नुसते चहाला आलेले सभासद कप खाली ठेवून टाळ्या वाजवायचे. निकेशचा बॉल उडाला की लोक आकाशात बघायचे, हिरामणचा उडाला की चहात. पण नऊ होल संपल्यावर आकडे मांडले की बहुतेक सोमवारी हिरामणचेच फटके कमी निघायचे, म्हणजे जिंकायचा तोच. ते बघायला कोणी थांबलेलं नसायचं, ती गोष्ट वेगळी.

त्या वर्षी मात्र आकड्यांवर हिरामणचं सगळं घर टांगलेलं होतं. कॅडी ठेकेदाराच्या माणसांत मोडत, आणि नव्या ठेकेदारानं फर्मान काढलं होतं की पन्नाशीपुढचा माणूस नको. हिरामणला चैत्र संपता संपता पन्नास वर्षं पुरी होणार होती. त्याच सुमारास जुना कॅडीमास्टर, म्हणजे सगळ्या कॅडींवरचा मुकादम, निवृत्त झाला. ती जागा क्लबची स्वतःची, साठीपर्यंतची, पक्की. क्लबचे सेक्रेटरी कारखानीस नौदलातून आलेले, नाकासमोर चालणारे गृहस्थ होते. त्यांच्याकडे आठ दिवसांत चार शिफारशीच्या चिठ्ठ्या आल्या. त्यांनी चारही ड्रॉवरमध्ये टाकल्या आणि सगळ्या कॅडींसमोर जाहीर केलं, "वार्षिक स्पर्धेत जो पहिला येईल तो कॅडीमास्टर. मला कोणाचा मामा कोण ते सांगायचं नाही."

हिरामणनं घरी बायकोला, सरूला, हे सांगितलं तेव्हा ती माशांना मीठ लावत होती. "तूच येशील," ती म्हणाली आणि परत माशांकडे वळली. तिला गोल्फमधलं काही कळत नव्हतं, पण नवऱ्याला घाई कशाचीच नसते एवढं ठाऊक होतं.

आता बाबाजीविषयी सांगायला हवं. बाबाजी आणि हिरामण वडखळच्या पलीकडच्या एकाच खाडीकाठच्या गावचे. दोघांचे बाप एकाच मिठागरात राबले, ही दोघं पोरंही तिथेच वाढली. मिठागर बंद पडलं तेव्हा हिरामण आधी इथे लागला आणि महिन्याभरात हात धरून बाबाजीलाही घेऊन आला. बाबाजी गोल्फ असा खेळायचा, की बॉल मारला की आधी इतरांनी डोकं सांभाळावं. दोन फेऱ्यांत शंभरच्या खाली तो कधी आला नाही. पण माणूस जिवाभावाचा. त्याची मुलगी भूमिका ही निकेशला दिलेली, साखरपुडा माघात झाला होता. त्या बैठकीत मुलीकडून बोलायला बसला होता तो हिरामणच.

स्पर्धा अठरा होलांची, म्हणजे त्याच मैदानाच्या दोन फेऱ्या. खेळायचं दोघादोघांनी, आणि नियम असा की आपले फटके आपण लिहायचे नाहीत, बरोबरच्यानं लिहायचे. शेवटी दोघांनी आपापल्या कार्डावर सही करायची की लिहिलंय ते खरं आहे. जोड्या पाडताना बाबाजी पुढे होऊन म्हणाला, "साहेब, मला हिरामणसोबत टाका. आमची जुनी जोडी हाय." हिरामणला तेव्हा किती बरं वाटलं! आपलं माणूस शेजारी असलं की हात हलका राहतो.

आणि हात हलकाच राहिला. पहिली फेरी एक्केचाळीस. एकदाही बॉल शोधावा लागला नाही. तळ्यापाशी सगळे तळ्यावरून मारतात, हिरामणनं बाजूच्या वाटेनं दोन तुकड्यांत नेला. सभासदांपैकी एक जण हसला. हसू दे. दुसऱ्या फेरीत सातव्या होलवर तेवढा वाळूत गेला. हिरामणनं उगाच मर्दुमकी दाखवली नाही, बॉल आधी वाळूतून बाहेर काढला, मग हिरवळीवर ठेवला आणि दोन ढकल्यांत संपवला.

"पाच," बाबाजी मोठ्यानं म्हणाला. "बरा निघालास." आणि त्यानं पेन्सिल चालवली.

पुढच्या जोडीत निकेश होता. टाळ्यांचे आवाज सारखे मागे यायचे. पण अठराव्यावर निकेशचा बॉल कुंपण ओलांडून आंब्याच्या बागेत गेला, दुसरा मारला तोही त्याच्या भावाला भेटायला गेला, आणि त्या एका होलवर पोरानं आठ फटके खाल्ले. एकूण त्र्याऐंशी. हिरामणनं शेवटचा बॉल भोकात ढकलला तेव्हा त्याचे ब्याऐंशी झाले होते. त्यानं मनात पुन्हा दोनदा मोजलं. ब्याऐंशीच. तो हिरवळीच्या कडेला खाली बसला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सरूला फोन करावा असं वाटलं, पण जाहीर होऊ दे, मग करू, असं म्हणून त्यानं फोन खिशातच ठेवला.

बाबाजीनं कार्ड पुढे केलं. हिरामणनं न वाचता सही ठोकली.

शहाणा माणूस म्हणेल, वाचायला काय झालं होतं? झालं होतं असं, की मिठागरात दोन माणसांची जोडी असे. एकानं मिठाच्या पाट्या वाहायच्या, दुसऱ्यानं मोजायच्या, मग उलट. जोडीदारानं आकडा सांगितला की तो आकडा. पुन्हा मोजून बघणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. हिरामणच्या बापानं तीस वर्षं बाबाजीच्या बापाचा आकडा परत मोजला नाही, आणि बाबाजीच्या बापानं ह्याच्या बापाचा. मीठ गेलं, मिठागर गेलं, एवढं अंगात राहिलं होतं. बाबाजीनं लिहिलेलं वाचायचं हे हिरामणच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

संध्याकाळी व्हरांड्यात सगळे जमले. कारखानीस साहेबांनी कार्डांवरच्या आकड्यांची बेरीज स्वतः केली होती. त्यांनी माइक हातात घेतला. "दुसरा, निकेश भोईर, त्र्याऐंशी. आणि पहिला, हिरामण ठाकूर, एक्क्याऐंशी!"

टाळ्या पडल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या हिरामणसाठी पडल्या, आणि त्याला ऐकूच आल्या नाहीत. एक्क्याऐंशी तो खेळलाच नव्हता.

नियम त्याला पाठ होता. कार्डावर खऱ्यापेक्षा जास्त लिहिलं असेल तर तेच धरतात. कमी लिहिलं असेल आणि तुम्ही सही करून दिली असेल, तर तुम्ही बाद. चुकलं कोण हे विचारत नाहीत, सही कोणाची ते बघतात. ह्याच व्हरांड्यात मुंबईचा एक डॉक्टर असा बाद होऊन पाय आपटत गेलेला त्यानं पाहिला होता. गप्प बसलं तर? जिंकला तर तो खरोखरच होता. ब्याऐंशी धरले तरी निकेशपेक्षा एक कमी. कोणाच्या ताटातला घास हिसकावला जात नव्हता. साहेबलोक झुडपातला बॉल बुटाच्या टोकानं बाहेर सरकवतात हे बावीस वर्षं त्यानं पाहिलं होतं आणि तोंड मिटून ठेवलं होतं. ते त्यांचं होतं. हे त्याचं होतं.

"साहेब," हिरामण म्हणाला, "माझे ब्याऐंशी हायत."

कारखानीस साहेबांनी चष्मा लावून कार्ड परत पाहिलं. "दुसऱ्या फेरीत सातव्यावर चार लिहिलेत."

"पाच झाले साहेब. वाळूत गेला होता."

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी कार्डावरची सही बघितली, मग हिरामणकडे बघितलं. "मग माझा नाइलाज आहे, हिरामण."

"व्हय साहेब. लिवताना चुकला असंल बाबाजी. त्याला काय बोलू नका."

बाबाजी खांबाला टेकून उभा होता. त्यानं मान खाली घातली आणि नुसती हलवली. निकेशच्या गळ्यात हार पडला. मागे कुणीतरी सभासद शेजारच्याला म्हणाला, "दोघांनी संगनमत केलं होतं. ऐन वेळी ह्याचे पाय लटपटले." हे मात्र हिरामणला स्वच्छ ऐकू आलं. जागा गेली ती गेलीच, वर लबाड ठरला. आणि त्याला लबाड म्हणणारा माणूस वाईट नव्हता. कार्ड बघून कुणीही तेच म्हणालं असतं.

रस्त्यावर पिंपळाखाली सहा सीटची मिनीडोर रिक्षा थांबते. बाबाजी तिथे आधीच येऊन तंबाखू मळत बसला होता. हिरामण शेजारी बसला. चालत येताना त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती.

"सातव्यावर तू पाच बोल्लास," तो म्हणाला. "मोठ्यानं बोल्लास. बोल्लास आनि लगेच लिवलास."

बाबाजीनं तंबाखू मळणं थांबवलं नाही. "व्हय."

"मग चार कसा लिवला?"

बाबाजीनं चुन्याची डबी मिटून खिशात टाकली. मग रस्त्याकडे बघत म्हणाला, "भूमीची हळद त्यांनी पुढं ढकलली. पोरगा पक्का झाल्याबिगर लगीन नाय म्हनतात. महिना झाला, पोरगी जेवत नाय नीट."

"मला सांगायचा व्हता."

"सांगितला असता तर सोडला असतास?"

हिरामणनं विचार केला. त्याला खोटं बोलता आलं असतं. "नाय," तो म्हणाला.

"मंग?" बाबाजी आता त्याच्याकडे वळला, आणि त्याच्या आवाजात चक्क तक्रार होती. "आनि मी तुझा वाईट काय केला? एक फटका कमीच लिवला ना, जास्त तर नाय लिवला? गप बसला असतास तर आज तूच कॅडीमास्टर व्हतास. मी कुनाला काय बोल्लो नसतो."

"मी गप बसनार नाय, ह्ये तुला ठाव व्हता."

"ठाव व्हता," बाबाजी म्हणाला.

हिरामणच्या अंगाची लाही लाही झाली. फसवणारे त्यानं पुष्कळ पाहिले होते. माणसाच्या लोभावर फसवतात, भीतीवर फसवतात. ह्यानं त्याला त्याच्या खरेपणावर फसवलं होतं. तो वाचणार नाही हे ह्याला ठाऊक, आणि तो बोलल्याशिवाय राहणार नाही हेही ह्याला ठाऊक. दुसऱ्या कुणाला हे जमलंच नसतं, कारण दुसरं कुणी त्याला इतकं ओळखत नव्हतं. बाबाजीची गचांडी धरावी असं त्याला वाटलं, आणि त्याच वेळी घरी जाऊन हे सगळं बाबाजीलाच सांगावं असंही वाटलं, कारण आजवर काही वाईट झालं की तो बाबाजीलाच सांगत आला होता.

"एक इचारू?" हिरामण म्हणाला.

"इचार."

"तुझा कार्ड मी लिवला. सही करताना तू तो वाचलास?"

"नाय."

"का नाय वाचलास?"

"तू लिवलेला काय वाचायचा?" बाबाजी पटकन बोलून गेला.

बोलला, आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं. तळहातावरचा तंबाखू तसाच राहिला. 

मिनीडोर आली. बाबाजी आत चढला आणि बावीस वर्षांच्या सवयीनं आत सरकून त्यानं शेजारी जागा केली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. हिरामण उठून उभा राहिला, पिशवी खांद्याला लावली आणि नागोठण्याच्या दिशेनं, घराकडे, पायीच चालायला लागला.