गुंडाळलेल्या गाद्या

दादाच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. तारीख निघाली आणि त्याच आठवड्यात दादाला धाप लागू लागली. दादा गवंडी, मी त्याचा धाकटा भाऊ, त्याच्याच हाताखाली काम करणारा. आयुष्यभर परांचीवर चढलेला माणूस घरच्या जिन्यात मध्येच बसतो, हे वहिनीला बघवेना. तिने त्याला हॉस्पिटलात दाखल केलं.

हॉस्पिटल ओळखीचं होतं. त्याचा वरचा मजला आम्हीच बांधला होता आणि दादाला खाट मिळाली तीही त्याच मजल्यावर.

"भिंती मी उभ्या केल्या, आता आत आडवाही मीच," तो म्हणाला.

वॉर्ड जवळजवळ मोकळा होता. रिकाम्या खाटांवर गाद्या गुंडाळून ठेवलेल्या. थोड्याच दिवसांत दादाला बरं वाटू लागलं. तो भिंतींवर बोटाने टकटक करत फिरायचा आणि गिलावा कुठे पोकळ वाजतो ते मला ऐकवायचा. पण डॉक्टर रोज खाटेच्या कडेला बसून, मऊ आवाजात म्हणायचे, "हृदय जरा कमजोर आहे. राहा अजून."

मी वॉर्डच्या मोठ्या सिस्टरना विचारलं, चालतो, जेवतो, मग ठेवलाय कशाला? त्या चादर झटकत म्हणाल्या, "काका, रिकाम्या खाटेलाही दिवा लागतो, नर्स लागते. हा मजला कर्जावर चढवलाय. मालक आले की पहिलं विचारतात, खाटा किती रिकाम्या. पेशंट कसे आहेत, ते मागाहून."

"म्हणजे दादा आजारी आहे की नाही?"

"ते डॉक्टर सांगतील."

मग सगळीकडे तापाची साथ आली. बघता बघता गाद्या उलगडल्या, व्हरांड्यातही खाटा लागल्या. त्या सकाळी डॉक्टर बसले नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, "ठणठणीत आहात. घरी जा."

वहिनी पिशवी भरता भरता म्हणाली, "काल कमजोर होतं ना हृदय? रात्रीतून काय जोरबैठका मारल्या त्याने?"

दादा हसला. पण दारातून बाहेर पडल्यावर मला म्हणाला, "कळलं का तुला? डॉक्टरच्या बोलण्याला ओळंबा लावायचा तर गाद्या बघायच्या. गुंडाळलेल्या असल्या की माणूस आजारी, उलगडल्या की बरा."

मला पटलं. भिंत सरळ आहे की नाही ते डोळ्याला विचारू नये, ओळंब्याला विचारावं, हे दादानेच मला शिकवलेलं.

लग्न तोंडावर आलं तोवर साथ ओसरली होती. दादाला पुन्हा तपासणीला बोलावलं होतं, म्हणून मी त्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी बराच वेळ छातीला नळी लावली आणि म्हणाले, "आजच दाखल व्हा."

"पोरीचं लग्न आहे."

"म्हणूनच सांगतोय."

दादाने माझ्याकडे बघितलं. "जा रे, वर जाऊन बघून ये."

मी वर गेलो. तापाबरोबर माणसंही गेली होती. ओळीने गाद्या गुंडाळलेल्या. खाली येऊन मी नुसती मान हलवली. दादा शर्टाची बटणं लावत बाहेर निघाला.

माझा पाय मात्र निघेना. मी विचारलं, "डॉक्टर, खरं सांगा. हे माझ्या भावासाठी, की खाटेसाठी?"

ते रागावले नाहीत. "मागच्या वेळी थोडंफार खाटेसाठी होतं. आज भावासाठी आहे."

"आणि घरी जा म्हणालात, ते?"

"ते दुसऱ्या कुणासाठी. त्याला श्वास घेता येत नव्हता."

"मग आजचं खरं, हे मी ओळखायचं कसं? तोंड तेच, आवाज तोच."

"मला माहीत नाही, काका," ते म्हणाले.

वाटेत मी हे सगळं दादाला सांगितलं. तो म्हणाला, "माणूस चांगला आहे. खाटा चांगलाच माणूस भरू शकतो. वाईटाचं ऐकतो कोण?"

घरी वहिनी हटून बसली. "अहो, एकदा खोटं बोलला म्हणून काय जन्मभर खोटंच बोलेल?"

"कललेल्या भिंतीला मी पाठ टेकत नाही," दादा म्हणाला.

मग ती माझ्याकडे वळली. गाद्या गुंडाळलेल्या होत्या हेही मी सांगितलं, आणि डॉक्टर काय म्हणाले तेही.

"भावजी, एक काय ते धड सांगा."



लग्नात दादा सगळ्यांच्या पुढे होता. व्याह्यांची थट्टा केली, पंगतीत आग्रह केला, पोरीला गाडीपर्यंत पोचवलं. परत येताना मात्र मध्येच भिंतीला हात लावून उभा राहिला. मी बघतोय असं दिसल्यावर म्हणाला, "गिलावा बघतोय रे."

वहिनी आजही म्हणते, दाखल झाले असते तर वाचले असते. थोरली म्हणते, बाबा माझ्या लग्नात होते. दोघींचं बोलणं ऐकताना मला दोघींचंही खरं वाटतं. हॉस्पिटलावरून जाताना मी अजून वरच्या मजल्याकडे बघतो. खालून खिडक्या दिसतात, गाद्या दिसत नाहीत.

दादा वारला तो लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारी, घरच्या खाटेवर.