दाराजवळच्या चार हंड्या

भट्टीतून निघालेल्या दिव्यांच्या बारा काचेच्या हंड्यांपैकी आठ शिळ्या चहाच्या रंगाच्या होत्या. ही तिसरी खेप. भाचीने दात-ओठ खात वही मिटली.

"माझ्याकडे काय बघतेस? तुझ्या कागदाबरहुकूम तापवलंय," मामा म्हणाले.

काचेत सोने विरघळवलेले होते. झटपट थंड केली की ती काच पाण्यासारखी बिनरंगी राहते. पुन्हा तापवली की तिच्यात सोन्याचे अतिसूक्ष्म कण वाढतात आणि ती लाल होते. कण प्रमाणाबाहेर वाढले, की लालीचा चिखल. म्हणून तिच्या कागदावर सहाशे अंश, चाळीस मिनिटे. हे जमले नाही, तर भट्टी पुन्हा आपल्याच अंदाजाने चालेल, असे मामांनी बजावले होते. कारखाना त्यांचा होता. प्रत्येक खेपेनंतर तिने स्वतःच्याच आकड्यांवर संशय घेतला होता. आज प्रथमच तो दुसरीकडे वळला.

"दार किती वेळा उघडलंत?"

"एकदाही नाही."

"मामा!"

"किलकिलं केलं फक्त. चुलीवर दूध ठेवून कोणी पाठ फिरवतं का?"

"किती वेळा?"

"दर पाच मिनिटांनी. फार नाही."

तिने कपाळावर हात मारला. तापमान मोजणारा सेन्सर दारालगत होता. दार उघडले की त्याला गार हवा लागे, आणि यंत्र इमानेइतबारे आच वाढवी. भट्टीत मागे असलेल्या आठ हंड्या अति तापल्या. दाराजवळच्या चार तेवढ्या लाल उतरल्या. तिने आकृती काढून समजावले.

मामांनी त्यातली एक हंडी उजेडात धरली. "म्हणजे माझी नजर होती, त्याच चांगल्या निघाल्या."

"नजरेचा काय संबंध!"

"मग मागेही एक दार बसवू."

पालथ्या घड्यावर पाणी. तिने उरलेल्या सहा बिनरंगी हंड्या भट्टीत मांडल्या, दार लावले, पाना घेऊन दाराची मूठच काढली आणि खिशात टाकली.

"अगं, आतलं मला कळणार कसं?"

"उद्या, थंड झाल्यावर. बिघडल्या तर भट्टी तुमच्या अंदाजाने चालवा."

"आणि तोवर मी काय करू?"

"काहीही करू नका, मामा. तेवढंच करायचंय."

मामा स्टूल ओढून बंद दारासमोर बसले. पाच मिनिटे होताच त्यांचा हात आपसूक पुढे गेला.