बहिष्काराची जोडपत्रं

देशभर शाखा असलेल्या त्या कॉफीवाल्यांनी दोनशे दहाची कॉफी दोनशे साठ केली आणि सिल्वासात ज्यांनी तिची चवही घेतली नव्हती, त्यांचाच जास्त तिळपापड झाला. काचेचं दुकान थाटलं म्हणून काय लोकांच्या खिशात हात घालायचा?

रघुनाथ कोतवडेकर सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. महिनाअखेरीला निवृत्त व्हायचे होते. चौतीस वर्षांत त्यांनी साहेबांच्या नावाने हजारो पत्रं लिहिली, पण स्वतःच्या सहीचा एकही अर्ज कधी मंजूर झाला नव्हता. टेबलावरच्या पंख्याचासुद्धा नाही. जाण्याआधी एक तरी अर्ज जिंकायचा, एवढीच त्यांची हाव होती. ही भाववाढ त्यांना देवानेच धाडल्यासारखी वाटली.

रविवारी सकाळी सिल्वासालगतच्या सामरवरणीतल्या त्यांच्या सोसायटीत सभा भरली. कोकणातले शिक्षक, धाग्याच्या कंपनीतले खानदेशी कामगार, सगळे मिळून बेचाळीस जण. बहिष्काराचा ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला. रघुनाथांनी मात्र पेनाचं टोपण काढलं नाही.

"तिथे आजवर कॉफी कोण कोण प्यायलंय?"

एकही हात वर झाला नाही.

"मी ते बाहेरथीनच देखेल शे, साहेब," कंपनीतला बारकू म्हणाला.

"मग बहिष्कार कसला डोंबलाचा? गिऱ्हाईकच नाही तर तक्रार ऐकणार कोण? आधी प्रत्येकाने एकेक कॉफी प्यायची, बिल घ्यायचं. बिलं अर्जाला जोडू. मग बहिष्कार."

"म्हंजे पैसा देवाना नही म्हणीसन पैसा देवाना?"

"पुराव्याशिवाय अर्ज म्हणजे रद्दी," रघुनाथांनी निकाल दिला. कचेरीतल्या माणसाचा शब्द, त्यापुढे कोण बोलणार!

"घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजा," त्यांच्या पत्नी रजनीताई घरी म्हणाल्या. "वर त्यांची कॉफीही तुम्हीच प्या."

संध्याकाळी दुकानात रोजच्यासारखी चारदोन पोरं मोबाईलवर बसली होती. इतक्यात बेचाळीस माणसांची रांग आत शिरली. काउंटरवरचा कल्पेश घाबरून उभाच राहिला.

"अंकल, कोई फंक्शन है?"

"बहिष्कार आहे," रघुनाथ करड्या आवाजात म्हणाले. "बिलं सगळ्यांची वेगवेगळी कर."

दोनदा दूध संपलं, दोनदा आणावं लागलं. शिक्षक मंडळी शोकसभेत बसल्यासारखी घुटके घेत होती. बारकूने साखरेच्या सहा पुड्या ओतल्या, तरी त्याचं तोंड वाकडंच. पण कप कुणी अर्धा टाकला नाही. एवढे पैसे मोजून टाकतो कोण?

मंगळवारी कॉफीवाल्यांच्या मुख्य कचेरीला अर्ज गेला. सोबत जोडपत्र एक ते बेचाळीस, प्रत्येकावर क्रमांक आणि आडवी सही.

शनिवारी उत्तर दारात हजर! रघुनाथ चष्मा शोधेपर्यंत पत्र रजनीताईंनीच फोडलं. मजकूर इंग्रजीत होता, मतलब असा: आपला अर्ज व जोडपत्रं काळजीपूर्वक वाचली. भाववाढीनंतर देशभर आमची विक्री घटली. एकट्या सिल्वासात एका संध्याकाळी ती दसपट झाली. तिथले ग्राहक हा दर आनंदाने देतात, हे आपल्या बेचाळीस बिलांवरून स्पष्ट होते. सबब इतर सर्व शाखांचा दर पुन्हा दोनशे दहा, आणि सिल्वासाचा दोनशे नव्वद.

"हात दाखवून अवलक्षण!" रजनीताई कडाडल्या. "आता बारकूला काय सांगणार आहात?"

रघुनाथांनी पत्र ओढून घेतलं. राग आला, लाज वाटली. सोसायटीच्या गेटमधून बाहेर कसं पडायचं, हेही त्यांना कळेना. तरी सवयीने त्यांनी पत्रात चूक शोधायला घेतली. दोनदा वाचलं. एक चूक सापडेना. पुरावा, निष्कर्ष, आदेश, सगळं जागच्या जागी. त्यांनी स्वतः लिहिलं असतं तर हेच लिहिलं असतं.

"अहो, बोला की काहीतरी!"

"बेचाळीसच्या बेचाळीस वाचलीत गं त्याने," रघुनाथ पत्राची नीट घडी घालत म्हणाले. "चौतीस वर्षांत माझी जोडपत्रं वाचणारा हा पहिला माणूस."