कातडी आणि उजेड

"ही घशातली खरखर उडव सगळी," प्राध्यापक फ्रांकेल म्हणाले. "उंट गुळण्या करतोय असं वाटतं. आपले आकडे बिघडतात याने."

यंत्रातून येणारा तो आवाज, तो उंट, म्हणजे रूमियाची आई होती. तिला वारून तीन महिने झाले होते.

हैफाच्या त्या प्रयोगशाळेत रूमिया एकोणीस वर्षं काम करत होती. बोललेल्या हिब्रूतला एकेक आवाज वेगळा काढायचा, त्याला खूण करायची; त्यावरून बोललेलं ऐकून लिहून देणारं यंत्र शिकायचं. येमेनहून आलेल्या चाळीस म्हाताऱ्यांचं बोलणं तिने त्यांच्या घरोघरी जाऊन टिपलं होतं; त्यांत तिची आईही होती. हिब्रूत उजेड म्हणजे 'ओर' आणि कातडी म्हणजेही 'ओर'; लिहिताना मात्र अक्षरं वेगळी. पण कातडीचा 'ओर' ही माणसं घशाच्या तळातून काढायची. फ्रांकेलांसारखे लोक दोन्ही सारखेच म्हणत.

"लिहून द्या," रूमिया म्हणाली.

त्यांनी हसत लिहून दिलं, उंटासकट. तिने चाळीसही आवाज यंत्रातून काढले, एक प्रत घरी नेली आणि वाट पाहत राहिली.

चौदा महिन्यांनी एका इस्पितळाची माणसं यंत्र घ्यायचं की नाही ते ठरवायला आली. सोबत त्यांचा एक भाजलेला रुग्ण होता, सालेम नावाचा येमेनी म्हातारा. तो माइकमध्ये म्हणाला, "माझी कातडी जळते."

पडद्यावर उमटलं : माझा उजेड जळतो.

कोणीतरी हसलं. फ्रांकेलांनी त्याला चारदा म्हणायला लावलं. चारही वेळा उजेडच.

त्यांनी रूमियाला बाजूला घेतलं. "ते जुने आवाज आहेत ना गं तुझ्याकडे? तू टाकले नसशील."

"तुमची चिठ्ठी आहे माझ्याकडे," ती सावकाश म्हणाली. "वाचून दाखवू यांना?"

त्यांचे कान लाल झाले. रूमिया ते कान डोळे भरून बघत राहिली. कितीतरी दिवसांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"पोरी," मागून सालेम म्हणाला, "साहेबांना बोलू नकोस. माझंच तोंड वाईट आहे. बायको गेल्यापासून बोलायची सवय राहिली नाही."

आणि त्याने घशातली खरखर गिळून, फ्रांकेलांसारखं सपाट म्हणून पाहिलं. "आता बरोबर आलं?"

रूमिया त्याच्यासमोर खाली बसली. "नाही आजोबा. तुमचं पहिलंच बरोबर होतं."

म्हाताऱ्याने पडद्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि पुन्हा तसंच सपाट म्हणाला, "ओर."