नळीत दोघांची लाळ

प्रयोगशाळेतून फोन आला तेव्हा ती लेकीला भरवत होती.

"आईंच्या नमुन्यात दोन माणसांचा डीएनए दिसतोय. पुन्हा द्यावा लागेल."

तिने वाटी बाजूला ठेवली. आईला अंडाशयाचा कॅन्सर. केमो संपत आलेली, आणि पुढे कोणत्या गोळ्या द्यायच्या ते याच तपासणीवर अडलेलं. जनुकात ठरावीक दोष निघाला, तर त्या गोळ्या चांगल्या लागू पडणार होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, फार उशीर नको. आईच्या हाताला शीरच सापडेनाशी झाली होती, म्हणून तर रक्ताऐवजी लाळ पाठवली.

पहिला संशय पोरीवर. दिसेल त्यात तोंड घालणारं कार्टं! मग तिचं लक्ष बाबांकडे गेलं. ते पेपरात जरा जास्तच घुसले होते.

"बाबा?"

"अगं, तिच्या तोंडाला कोरड. बिचारी किती थुंकली, तरी नळीवरच्या रेघेपर्यंत येईना. म्हटलं, जरासंच तर कमी पडतंय..."

"आणि तुम्ही भर घातलीत?"

पलंगावरून आई म्हणाली, "सगळं निम्मं-निम्मं करू म्हणाला होतात, पण थुंकीसुद्धा?"

तिला हसावं की डोकं आपटावं, कळेना.

दुपारी दवाखान्यात नर्सने आईच्या हातावर टिचक्या मारून मारून शीर शोधली. सुई गेली, रक्त नाही. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"काकू, आता दुसरा हात द्या."

दोष निघू दे, देवा, निघू दे, ती पुटपुटत होती. मांडीवर झोपलेल्या लेकीने कूस बदलली आणि तिचं पुटपुटणं मध्येच थांबलं. आईत असलं तर आपल्यातही असू शकतं. हिच्यातही. मग मागायचं तरी काय?

नळीत एकदाचं लाल उतरलं. नळीवरचं आईचं नाव तिने दोनदा वाचलं.

"माझंही आत्ताच घेता?"

"आधी यांचा निकाल येऊ द्या, ताई. तुमच्यात नेमकं काय शोधायचं, ते त्यावरून ठरेल."

आईने कोपराच्या घडीत कापूस दाबला आणि तिला जवळ बोलावलं. "मघाशी मध्येच थांबलीस ना? कळलं मला. तू आपलं मला गोळ्या मिळू देत एवढंच माग. तुझ्यात निघालं, तर मग काय भांडायचं ते माझ्याशी भांड. पण त्यासाठी मी असायला हवी."